बिनश्वासाची आई

बूट घालण्यावरून त्या घरात रोज सकाळी रणकंदन व्हायचं. धाकटा तीन वर्षांचा. त्याला सगळे मुंगळा म्हणत, कारण एकदा आईच्या पायाला चिकटला की त्याला अक्षरशः ओढून काढावं लागे. हा मुंगळा बूट म्हटलं की पलंगाखाली जायचा, पडद्यामागे जायचा, एकदा तर धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसला होता. त्या दिवशी ती गॅसपाशी अंडी उकडत उभी होती, डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे तोंड मिटून, आणि शेजारच्या खोलीतून तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, “मुंगळा. बूट. घाला.” मग बुटाची पट्टी दाबल्याचा आवाज, मग दुसऱ्या बुटाची. ती दारात येऊन बघते तर मुंगळा जमिनीवर शहाण्यासारखा बसलेला, दोन्ही बूट पायात, तेही ज्या पायाचा त्याच पायात, आणि मान वर करून कपाटावरच्या डबीएवढ्या काळ्या स्पीकरकडे बघत होता. “घातले, आई,” तो स्पीकरला म्हणाला. “धन्यवाद,” स्पीकर म्हणाला. आवाजाचं तिला नवल नव्हतं. आदल्याच संध्याकाळी नवऱ्याने तिच्या शेजारी बसून तो जोडला होता आणि त्यावर दोघांची हसून पुरेवाट झाली होती, तिची अर्थात बिनआवाजाची. पोराने निमूट ऐकलं याचंही एकवेळ कौतुकच. पण ती हाक ऐकताच तिनेही खाली वाकून आपल्या पायांकडे बघितलं होतं, आपले बूट कुठे आहेत म्हणून. ते तिला दिवसभर सलत राहिलं.

तिचा धंदाच आवाजाचा. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ असं तीच म्हणायची, दवाखान्यांत पुढच्या पेशंटला तीच आत बोलवायची, आणि बसमध्ये पुढचा थांबा सांगून झाल्यावर ‘धन्यवाद’ म्हणणारी बाई म्हणजेही तीच. हे काम लोकांना वाटतं तसं वाक्यं वाचून होत नाही. एकेक शब्द सुटा बोलावा लागतो, आणि तोही तीन तऱ्हांनी: वाक्याच्या सुरुवातीला शोभेल असा चढता, मधे बसेल असा सपाट, आणि शेवटी टेकेल असा उतरता. मग ते शब्द कोणीतरी जोडायचे. जोडण्याचं काम ज्याच्याकडे होतं तोच पुढे तिचा नवरा झाला. शब्दांच्या मधला तिचा श्वास कापून टाकणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग. सूचना देणाऱ्या आवाजाने श्वास घेतला की ऐकणाऱ्याला वाटतं आत माणूस आहे, आणि मग तो हुज्जत घालायला लागतो, असं त्याचं म्हणणं. “तुमचा श्वास कापताना अगदी जिवावर येतं हो,” हे त्याचं तिच्याशी पहिलं लाडिक बोलणं. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने तिला काय द्यावं, तर वर्षभर कापलेले तिचे सगळे श्वास, एकापुढे एक जोडून. ती कौतुकाने ऐकायला बसली आणि थोड्याच वेळात तिने हेडफोन काढून ठेवले. कोणीतरी बाई धावत येतेय आणि कधीच पोचत नाहीये, असं ते ऐकू येत होतं. “आवडलं नाही?” त्याने विचारलं. “आवडलं की,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

वसंताचा महिना लेकुरवाळ्या घराला कसा जातो ते ज्याचं त्यालाच ठाऊक. कविता करणाऱ्यांना पालवी दिसते. तिला दिसायचा तो झाडांवरून उडून आलेला परागांचा पिवळा भुगा, खिडकीच्या कठड्यावर, ओट्यावर, झाकायच्या राहिलेल्या दुधावर, आणि घरातलं प्रत्येक गळतं नाक. थोरली आठ वर्षांची, तिच्या शाळेचा क्रीडादिन जवळ आलेला, कवायतीला पिवळेच मोजे हवेत आणि गावभर शोधून पिवळे मोजे नाहीत. मुंगळ्याचे बूट बघता बघता आखूड झालेले. दर शनिवारी कोणा ना कोणाचा वाढदिवस, भेटवस्तू, फुगे, पोटदुखी. वर्गात उवांची साथ. त्यात बसवाल्यांना नेमके आताच सगळे मार्ग बदलायचे सुचले, म्हणजे शेकडो थांब्यांची नावं नव्याने, तीन-तीन तऱ्हांनी. ती दिवसभर रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत बोलायची आणि संध्याकाळी घरी येऊन ओरडायची. आवाज आधी फाटला, मग बसला, मग एका सकाळी थोरलीला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून बघितलं. “स्वरतंतूवर दाणा आलाय. काढून टाकू, छोटंसं काम आहे. पण नंतर पूर्ण मौन. एक शब्द नाही.” ती कशीबशी घोगरं बोलली, “अगदी हळू बोलले तर?” “कुजबुज तर मुळीच नाही, ती जास्त वाईट.” “अहो, पण मुलं लहान आहेत माझी.” “मग तर बरंच की,” बाई हात धुता धुता म्हणाल्या, “लहान असतात तोवर कशाचीही सवय होते त्यांना.”

दाणा निघाला, आणि मौनाचे पहिले काही दिवस घरात नुसता सावळा गोंधळ. ती टाळ्या वाजवायची, तर मुंगळ्याला तो खेळ वाटायचा आणि तोही टाळ्या पिटत घरभर पळायचा. तिने कागदावर लिहायला सुरुवात केली. मुंगळ्याला अक्षर येत नव्हतं, तेव्हा वाचून दाखवायचं काम थोरलीकडे, आणि थोरलीचं वाचन सोयीचं. ‘आता खेळणी आवरा’ हे तिने भावाला ‘आता अजून थोडं खेळा’ असं वाचून दाखवलं आणि आईकडे बघून गोड हसली. शेवटी नवऱ्यालाच युक्ती सुचली. “तुझे शब्द पडलेत की माझ्याकडे, हजारो. ते कधी कामाला यायचे?” धंद्यातला माणूस, दुसरं काय सुचणार त्याला. आणि तीही धंद्यातलीच, तिलाही ती युक्ती फक्कड वाटली. दोघं हौसेने बसले. ‘आंघोळ’ काही सापडेना, कुठल्या लिफ्टला आंघोळ लागते? मग ‘पाणी. तयार. आहे.’ ‘झोप’ नव्हती, पण दवाखान्याच्या कामातली ‘विश्रांती’ मिळाली. ‘मुंगळा’ तर कोणत्याच थांब्याचं नाव असणं शक्य नव्हतं, तो त्याने तीन थांब्यांतून एकेक अक्षर कापून शिवला, आणि असा बेमालूम की ऐकताना तिच्या अंगावर काटा आला. जे शब्द होते ते सगळे लोकांशी बोलायचे, म्हणजे या, बसा, थांबा, पुढे सरका. तेव्हा घरातली ही नवी आई पोरांना अहो-जाहो करू लागली. तीन खोल्यांत तीन स्पीकर लागले आणि दोघांच्या फोनवर बटणं आली.

आणि घर सुतासारखं सरळ झालं. बूट, दात, पाणी, जेवण, विश्रांती. तो आवाज कधी चढत नव्हता, दहाव्यांदा सांगतानाही पहिल्याइतकाच शांत, आणि काम झालं की धन्यवाद. कुठली आई दात घासल्याबद्दल आभार मानते? नवरा संध्याकाळी आला की उंबऱ्यात जरा थबकायचा, आपण चुकून शेजारच्या घरात तर शिरलो नाही ना म्हणून. “उगीच इतकी वर्षं घसा फोडून घेतलास,” तो म्हणाला. चेष्टाच होती ती. तिने हसल्याचं तोंड केलं. बटण दाबायला सुरुवातीला तिलाही मजा वाटत होती, हे खोटं कशाला बोला. मग एकदा भाजी चिरत असताना “जेवायला. या.” असं ऐकू आलं, आणि तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि टेबलाशी जाऊन बसली. समोर रिकामी ताटं बघितल्यावर तिच्या ध्यानात आलं की वाढणारी बाई आपणच. बटण नवऱ्याने बाहेरच्या खोलीतून दाबलं होतं, जरा लवकरच. पण ती उठली नाही. सुरी कोणीतरी उचलेल, भाजी फोडणीला पडेल, ताटं भरतील, असं वाटत ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. तिला आतून गार वाटत होतं आणि खिडकीबाहेर तर चांगलं ऊन होतं.

“आई, त्या आवाजाला श्वासच नाहीये,” थोरली एकदा वेणी घालून घेता घेता म्हणाली. “मी तिच्या बोलण्याबरोबर श्वास घेऊन बघितला. गुदमरायला होतं.” पोरीने ‘त्या आवाजाला’ म्हटलं, ‘तुझ्या’ नाही, याने तिला इतकं बरं वाटलं की अर्धी वेणी हातात असताना तिने तिला मागूनच कवटाळलं. तिला स्वतःची आई आठवली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आईचा आवाज तिला आता आठवत नव्हता. ज्या बाईने आवाजावर पोट भरलं तिला आपल्या आईचा आवाज आठवू नये, ही लाजच वाटावी अशी गोष्ट. पुष्कळदा तिने डोळे मिटून प्रयत्न केला होता. आई काय काय बोलायची ते शब्द यायचे, पण ते तिच्याच आवाजात यायचे, चढते, सपाट, उतरते. आठवायचा तो फक्त आईचा श्वास. आईचं नाक जरा चोंदलेलं असायचं, लहानपणी तापात डोळे मिटून पडलं की उशाशी तो बारीक शिट्टीसारखा श्वास चालू असायचा, आणि तो चालू आहे म्हणजे आई आहे, मग जग कुठे का जाईना. मुंगळ्याला दुपारी निजवताना ती आता त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन मुद्दाम मोठ्याने श्वास घ्यायची. तो झोपेतच कूस बदलायचा आणि कानावर हात ठेवायचा.

एका दुपारी तो आतल्या खोलीत एकटा बोलत होता. पोरं बोलतातच, पण याचं बोलणं थांबून थांबून होतं. एक वाक्य बोलायचा, मग गप्प, मग मान डोलवायचा, मग हसायचा, जसं फोनवर बोलताना करतात तसं. ती दाराआडून बघू लागली. तो कपाटापुढे लाकडी ठोकळे घेऊन बसला होता, तोंड वर. “नाही, तिला येत नाही बोलता,” तो म्हणाला, मग थांबला, ऐकलं, आणि म्हणाला, “हो. विचारतो.” स्पीकरची वायर भिंतीतून निघालेली होती. सकाळी झाडताना तिनेच काढली होती आणि परत लावायची राहिली होती. ती आत गेली, त्याच्याशेजारी बसली आणि भुवया उंचावून त्याच्याकडे बघितलं, काय म्हणून. मुंगळ्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, मोठी माणसं पाहुण्यांच्या लहान मुलाला धीर देतात तसा. “आई म्हणाली, ही बाई चांगली आहे,” तो म्हणाला. “आई म्हणाली, हिला इथे राहू द्या.” तिला बोलता येत असतं तर ती काय बोलली असती? तिने वायर उचलली, भिंतीत लावली, कपाटावरचा बारीक हिरवा दिवा लागला आणि मुंगळा ठोकळ्यांकडे वळला. नवऱ्याला तिने हे सगळं फोनवर लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘पोरं काय वाट्टेल ते बोलतात ग.’ आणि पुढे एक हसरा चेहरा.

मौन सुटलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून आ, ई, ऊ म्हणून घेतलं. आवाज आला, पण तो कोणाचा होता कोण जाणे. जाड, तळाशी खरखरणारा, जड कपाट फरशीवरून सरकवावं तसा. “हा असाच राहील?” तिने विचारलं. “सुधारेल थोडा. पण पहिल्यासारखा नाही व्हायचा.” तिला धंदा बुडाल्याचं दुःख नंतर झालं, आधी घरी जायची घाई झाली. पहिला शब्द तिने वाटेत कोणावर खर्च केला नाही. रिक्षावाल्याला पत्तासुद्धा फोनवर दाखवला. मुंगळा बालवाडीतून येऊन केळं खात होता. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, “मुंगळ्या.” तो चावायचा थांबला. “मुंगळ्या, अरे मी बोलते, बघ.” त्याने केळ्याने बरबटलेला हात तिच्या तोंडावर ठेवला, घट्ट, आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, “तू नको. आई बोलेल.” तिला हसू फुटलं, पण ते हसणंही त्याच नव्या आवाजात आलं, आणि पोराचा चेहरा बदलला. तो पळत आतल्या खोलीत गेला. ती मागून दारापर्यंत पोचली तेव्हा तो कपाटापुढे उभा राहून तक्रार करत होता. “आई, ही बोलायला लागली.”

त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. तिन्ही स्पीकर तिने काढले आणि खणात कोंबले. मुंगळा आधी रडला, हातपाय आपटून, घसा बसेपर्यंत. रडण्याचं तिला काही वाटलं नाही. रडणाऱ्या पोराची समजूत घालता येते. पण नंतर तो गप्प झाला. सकाळी तो दातांचा कोरडा ब्रश हातात धरून कपाटापुढे जाऊन उभा राहिला आणि उभाच राहिला. “घास ना रे राजा,” ती म्हणाली, जितकं मऊ बोलता येईल तितकं. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. जेवायला कोणी बोलावलं नाही म्हणून तो जेवला नाही, समोर ताट होतं, ती घास हातात घेऊन बसली होती तरी. दुपारपर्यंत अंग तापलं. नवरा कामावरून धावत आला, पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि खालमानेने म्हणाला, “लाव ते परत. बरा होईपर्यंत तरी.”

“आणि नंतर?”

“नंतर हळूहळू करू. तुझा हा नवा आवाज त्यात मिसळायचा. दहातला एक शब्द, मग दोन, मग पाच. त्याला पत्ताही लागणार नाही.”

“म्हणजे मला माझ्यात मिसळणार तू?”

“थोडं थोडं करून,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि बोलणं मात्र कामावरचंच होतं. तिने खण उघडला. “मुंगळा. जेवायला. या.” ऐकू आलं, आणि तापाने फणफणलेलं पोर उठून टेबलाशी जाऊन बसलं.

ताप उतरला. मिसळायचं काम सुरू झालं होतं, पण नव्या आवाजातला ‘धन्यवाद’ टाकला त्या दिवशी मुंगळ्याने स्पीकरला विचारलं होतं की सर्दी झालीये का, आणि नवऱ्याने तो घाईघाईने काढला होता. तेवढ्यात क्रीडादिन येऊन ठेपला. मैदानावर झाडं नव्या पानांनी नुसती लकाकत होती, पालकांची ही गर्दी, पिवळे मोजे एकदाचे मिळाले होते आणि थोरली पहिल्या रांगेत होती. नवरा फोन डोक्यावर धरून चित्रण करत होता. तिच्या बोटाला मुंगळा होता. ती थोरलीकडे बघून हात हलवायला गेली, आणि तेवढ्यात बोट रिकामं झालं. आजूबाजूला पाय, सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्यांची पोरं. मुंगळा नाही. फाटकाच्या गजांपलीकडे तिला त्याचा लाल सदरा दिसला. फाटकाबाहेर रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे बसचा थांबा. थांब्यावर दार उघडून एक बस उभी होती, आणि बसमधून तिचा आवाज येत होता, जुना, स्वच्छ, पुढचा थांबा सांगणारा. पोर त्या आवाजाकडे निघालं होतं.

ती फाटकाबाहेर पळाली. “मुंगळ्या,” ती ओरडली, “अरे थांब, मुंगळ्या.” त्याने मागे वळून बघितलं. एक बाई हात पसरून, खरखरीत ओरडत आपल्यामागे धावत येतेय, हे त्याला दिसलं आणि त्याचं तोंड भीतीने वाकडं झालं. ते तोंड तिने कधी बघितलं नव्हतं, कारण तो घाबरला की नेहमी तिच्याच पायाला येऊन चिकटायचा. तो आणखी जोरात पळू लागला. वळणावरून दुसरी बस येत होती. हाक मारावी तितका तो दूर पळणार होता आणि धावून तो तिच्या हाती लागणार नव्हता. तिला हे एका क्षणात कळलं, आणि ती थांबली. सगळं अंग पुढे ओढत असताना ती पाय रोवून उभी राहिली. छातीतला श्वास तिने जिथल्या तिथे कोंडला, घसा सपाट केला, आणि शब्दांच्या कडा कापून, ना राग, ना भीती, ना माया, रस्त्यावर म्हणाली, “मुंगळा. कृपया. थांबा.”

तो थांबला. एक पाय फुटपाथच्या खाली सुटलेला होता, तोही त्याने वर घेतला. पिशव्या घेऊन चाललेली एक बाई थांबली, शाळेचा पहारेकरी थांबला, दोघंही आपण का थांबलो म्हणून इकडे तिकडे बघू लागले. बस पोराच्या अगदी समोरून गेली आणि तिच्या वाऱ्याने त्याचे केस उडाले. आवाज तिचा नवाच होता, घोगरा, जाड. त्याने ओळखलं ते आवाजाला नाही, श्वासाच्या नसण्याला.

“आई?” तो म्हणाला. तो वर बघत होता, रस्त्याकडेच्या खांबाच्या टोकाकडे. तिथे काही नव्हतं. “मी थांबलो.”

ती आता त्याच्या मागे पोचली होती, हात लांब केला की तो हाती लागेल इतकी. त्याला उचलून छातीशी धरावं, त्याच्या मानेत तोंड खुपसून मोकळेपणी रडावं, एवढंच तिला हवं होतं. पण तिला बघितलं की तो पुन्हा पळेल, आणि पुढे रस्ता होता. तिने हात मागे घेतले. श्वास अजून कोंडलेलाच होता.

“धन्यवाद,” ती म्हणाली. “मागे. या.”

खांबावरची नजर न काढता मुंगळा एकेक पाऊल मागे येऊ लागला. त्याची पाठ तिच्या गुडघ्यांना टेकली. त्याने मागे वळून बघितलं नाही. तो तसाच तिच्या पायांना टेकून, मान वर करून, आई पुढे काय सांगते त्याची वाट बघत उभा राहिला.